ग्रॅममागे किती अंडी?

1961 साली घोड्यांच्या नशिबाच्या दोन वाटा झाल्या. त्या वर्षी थायाबेंडाझोल हे जंतनाशक आले आणि त्याच वर्षी कॅनडाने अटलांटिकमधल्या सेबल बेटावरच्या मोकाट घोड्यांना कायद्याचे संरक्षण दिले. त्यांना बेटावरून हलवायचा सरकारी बेत शाळकरी मुलांच्या पत्रांनी उधळला होता. पाळीव घोड्यांना औषध मिळाले. सेबलच्या घोड्यांना माणसाने हात लावायचा नाही, असे ठरले.

तबेल्यात खरा धाक होता ‘स्ट्रॉंजायलस व्हल्गॅरिस’ या जंताचा. त्याच्या अळ्या आतड्याच्या धमनीत शिरतात. तिथे गुठळी झाली की घोडा पोटशुळाने दगावू शकतो. 1966 मध्ये केंटकीच्या ड्रज आणि लायन्स या संशोधकांनी दर दोन महिन्यांनी औषध पाजायचा सल्ला दिला. पुढे आयव्हरमेक्टिन आले आणि हा जंत तबेल्यांतून जवळजवळ हद्दपार झाला. मात्र लहान स्ट्रॉंजाइल जंत औषधांना दाद देईनासे झाले. 1999 मध्ये डेन्मार्कने पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय जंतनाशक देणे बंद केले. आधी लीद तपासा, मगच औषध, ही रीत रुजू लागली. मिठाच्या दाट पाण्यात लीद कालवायची, वर तरंगलेली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. ग्रॅममागे 200पर्यंत कमी, 500च्या वर जास्त.

सेबलवर 2007 पासून सास्काचेवान विद्यापीठाचे संशोधक एकेका घोड्याची ओळख पटवून नोंदी ठेवत आहेत. तिथल्या लिदीत कळपाची सरासरीच 500 ओलांडते. तबेल्यांतून गेलेले व्हल्गॅरिससारखे मोठे स्ट्रॉंजाइलही तिथे टिकून आहेत. तबेल्याच्या मापाने कळपातले बरेच घोडे औषधाला पात्र ठरतात. तरी औषधाचा थेंबही न घेता कळप पाचशे घोड्यांच्या घरात पोचला.

म्हणजे अंडी निरुपद्रवी आहेत, असे नव्हे. सेबलवरच्या 2016 च्या अभ्यासात जास्त अंडी टाकणारे घोडे अंगाने रोड आढळले. पण जंतांमुळे घोडा खंगला, की खंगल्यामुळे जंतांचे फावले, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय आतड्याच्या अस्तरात दडलेल्या अळ्या अंडी घालतच नाहीत, त्यामुळे त्या मोजणीत येत नाहीत.

500 ची रेघ औषध घेणाऱ्या घोड्यांसाठी आखलेली आहे. कोणाला औषध द्यायचे, एवढेच ती सांगते. घोडा आजारी आहे का, हे ठरवायला घोडाच पाहावा लागतो.