विश्लेषण : कोकणात माणसे घटली, तरी मजूर बाहेरून का येतात?

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मात्र ती घटली. रोजगारासाठी माणसे गाव सोडत असताना तिथल्या आंबा बागांना राखणदार मिळतात ते नेपाळमधून. हा उलटा प्रवाह कसा?

घट किती?

रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, म्हणजे ४.८ टक्के घट. सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. राज्यात याशिवाय फक्त मुंबई शहर जिल्हा आक्रसला. पण तिथली माणसे उपनगरांकडे सरकली. कोकणातली माणसेही त्याच दिशेने गेली. त्याच दशकात तत्कालीन ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरार इथल्या चाळींत कोकणातली कोणती वाडी नाही, हे शोधावे लागेल.

बायका जास्त कशा?

२०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. हा आकडा अनेकदा कौतुकाने सांगितला जातो. पण सहा वर्षांखालील मुलांमध्ये मुलींचे प्रमाण याच जिल्ह्यात हजाराच्या खाली आहे. म्हणजे मुली जास्त जन्मत नाहीत, कमावते पुरुष निघून जातात. गिरण्यांच्या काळापासूनची ही रीत. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण चाकरमानी गावी स्थिरावला नाही. मागे राहिलेल्या बाईने भाताची लावणी करायची, गुरे सांभाळायची, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी बघायचे. नोंदीत मात्र ती बहुधा ‘घरकाम करणारी’.

मग कामे कोण करते?

मोहोर आल्यापासून हापूसची बाग मोकळी सोडता येत नाही. फवारणी, रात्रीची राखण, माकडे हाकलणे, मग फळ काढणे. त्यासाठी महिनोन् महिने बागेतच राहणारा माणूस लागतो. गावात उरलेले हात वयस्क आहेत, आणि बारावी झालेल्या मुलाला मुंबईतली पंधरा हजारांची नोकरी बागेतल्या खोपीपेक्षा बरी वाटते. त्यात त्याचे काही चुकतेही नाही. नेपाळी कामगाराला १९५०च्या करारामुळे व्हिसा लागत नाही. तो अनेकदा कुटुंबासह येतो, हंगाम संपला की परततो किंवा मासेमारी नौकेवर खलाशी म्हणून चढतो. जांभा दगडाच्या चिरेखाणींवर कर्नाटकातले मजूर असतात. भातशेतीला मात्र बाहेरचा मजूर परवडत नाही. त्यात रानडुकरांचा उपद्रव. म्हणून पडीक खाचरे वाढत आहेत.

यात पणाला काय?

लोकसंख्येवर मतदारसंघ ठरतात. २००१च्या जनगणनेवर आधारित पुनर्रचनेत राजापूर हा लोकसभा मतदारसंघ नकाशावरून गेला. बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांचा हा मतदारसंघ. पटसंख्या घटली की वाडीतली शाळाही अडचणीत येते. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तेव्हा गणपतीला भरलेली घरे पुन्हा कुलूपबंद असतील आणि बागांत राखणदार हजर असतील.