अष्टपैलू कोण?

राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत दर हिवाळ्याला निफाडचं नाव असतं. तिथे डिसेंबरात सकाळचा सामना वेळेवर सुरू होत नाही. दवाने मैदान ओलं असतं, फक्कीच्या रेषा पसरतात, पंच खांब दोनदोनदा हलवून बघतात आणि मुली स्वेटर उतरवायला तयार नसतात. ऊन चढेपर्यंत शिट्टी वाजत नाही. अशाच एका सकाळी आंतरमहाविद्यालयीन मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना होता. मी मात्र गुणलेखकाच्या टेबलामागे खुर्ची टाकून बसलो होतो. सामन्याइतकंच मला सामन्यानंतरचं भांडण बघायचं होतं. सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरवतं कोण, आणि कशावरून?

टेबलावर तीन चषक होते. उत्कृष्ट आक्रमक आणि उत्कृष्ट संरक्षक हे दोन आकाराने सारखे, आणि त्यांच्यापेक्षा वीतभर उंच तिसरा, अष्टपैलूचा. भांडण होतं ते या तिसऱ्यावरून. पहिल्या दोघांसाठी निदान आकडा दाखवता येतो.

हे आकडे येतात गुणपत्रकातून. खो-खोचं गुणपत्रक ज्याने भरताना पाहिलेलं नाही त्याला या खेळाचा निम्मा हिशेब कळत नाही. गडी बाद झाला की गुणलेखकाने एका ओळीत बाद झालेल्या धावणारीचा क्रमांक, बाद करणारीचा क्रमांक, वेळ आणि बाद होण्याची तऱ्हा लिहायची. साधा स्पर्श, सूर मारून, खांबावर झेपावून, की मैदानाबाहेर गेली म्हणून, यासाठी खुणा ठरलेल्या आहेत. वेळेचे रकाने दोन. एकात घड्याळ काय सांगतं ते, दुसऱ्यात आधीचा गडी बाद झाल्यापासून किती वेळ गेला ते. एवढं लिहून मान वर करावी तर पुढचा गडी बाद झालेला असतो. त्या दिवशीचा गुणलेखक पदवीच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा होता. त्याने सामना जवळजवळ पाहिलाच नाही. शेजारी बसलेले वेळाधिकारी सर कानात क्रमांक सांगत होते आणि तो लिहीत होता.

संघांची नावं इथे महत्त्वाची नाहीत. एकाच्या बनियन लाल, दुसऱ्याच्या निळ्या. दोन्हीकडच्या बहुतेक मुली द्राक्षाच्या आणि कांद्याच्या गावांतून एसटीने येणाऱ्या. नऊ-नऊ मिनिटांचे दोन-दोन डाव. लाल संघाने पहिल्या आक्रमणात ७ गडी बाद केले, निळ्यांनीही ७. दुसऱ्या डावात लालांनी ६ काढले आणि निळ्यांना ५ वर रोखलं. १३-१२, एका गुणाने सामना लालांचा.

आता उमेदवार. लाल संघाची सात नंबर उंच, लांब हातांची आणि सूर मारण्यात पटाईत. १३ पैकी ६ गडी तिच्या नावावर. संरक्षणात १ मि. १० से. आणि १ मिनिट. निळ्या संघाची चार नंबर अंगाने बारीक, धावताना मान सतत मागे वळलेली. पत्रकावर तिची संरक्षणाची वेळ पहिल्या डावात ३ मि. २० से., दुसऱ्यात २ मि. ४० से., शिवाय २ गडी. टेबलावर चर्चा झाली ती या दोघींची. तिसरी, लाल संघाची अकरा नंबर. संरक्षण १ मि. ३० से. आणि १ मि. ४० से. नाबाद, गडी दोन. तिचं नाव एकदाच निघालं आणि मागे पडलं.

सामना संपल्यावर टेबलाभोवती सात जण जमले: सरपंच म्हणजे मुख्य पंच, दोन पंच, वेळाधिकारी, दोन्ही संघांचे प्रशिक्षक आणि यजमान महाविद्यालयाचे क्रीडा संचालक. चहा आला. बक्षीस समारंभाचे पाहुणे रस्त्यात होते, म्हणजे घाई होती.

"सहा गडी आहेत सर, विषय संपला," लाल संघाचे सर म्हणाले.

"सहा गडी म्हणजे आक्रमक. अष्टपैलूला धावावं लागतं की नाही? तुमची पोरगी एक मिनिट टिकली," निळ्यांच्या मॅडमनी तिथल्या तिथे परतवलं.

मग वेळेचा मुद्दा निघाला, आणि खरी गंमत तिथे होती. निळ्यांच्या पहिल्या तिघींच्या तुकडीतली एक मुलगी १ मि. ५ सेकंदांना बाद झाली, दुसरी १ मि. ५० सेकंदांना, चार नंबर ५ मि. १० सेकंदांना. पत्रकाच्या दुसऱ्या रकान्यात तिच्यापुढे ३.२० लागले, कारण मोजणी आधीचा गडी बाद झाल्यापासून. पण ती मैदानात उतरली पहिल्या सेकंदाला. तिघी असतानाही ती पळतच होती. दुसऱ्या डावात तसंच: दुसरी मुलगी २.१५ ला गेली, ही ४.५५ ला. कागदावर २.४०. दोन्ही डावांचा कागदी हिशेब ६ मिनिटांचा होतो, मैदानावरचा १० मि. ५ सेकंदांचा. लालांच्या आक्रमणाच्या एकूण १८ मिनिटांपैकी निम्म्याहून जास्त वेळ ही मुलगी त्यांच्यासमोर उभी होती.

"मॅडम, पद्धत हीच आहे. वर्तमानपत्रातही असंच छापतात," वेळाधिकारी म्हणाले. ते खरंच. खो-खोची मराठी बातमी वर्षानुवर्षं एकाच साच्यात येते: अमुकने इतकी मिनिटं संरक्षण करून इतके गडी टिपले, आणि पराभूत संघाकडून तमुकने एकाकी लढत दिली. त्या सकाळीही गावातला वार्ताहर कोपऱ्यात उभा राहून आकडे मागत होता. चार नंबरच्या वाट्याला एकाकी लढत येणार हे तेव्हाच ठरलं.

मला विचाराल तर पाचव्या मिनिटापर्यंत टिकण्याची किंमत निव्वळ सेकंदांत मोजून भागत नाही. २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद मैदान. मध्यपाटीवर आठ जणी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या, नववी मागे लागलेली. पाठलाग करणारीला मध्यपाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही. धावणारीला दोन्ही मुभा. या फरकावर सगळा खेळ उभा आहे. चार नंबर साखळी खेळत होती, बसलेल्या मुलींच्या मधून आत-बाहेर, आत-बाहेर. पण दर तिसऱ्या-चौथ्या वळणाला ती लय मोडायची. एकदा तिने खांबाकडे जाण्याची हुल दिली, मागची मुलगी सूर मारायला झुकली, आणि ही जागच्या जागी टाच फिरवून तिच्या पाठीमागून निघाली. सूर मारणारी ओल्या मातीत हातभर घसरत गेली. अशा हुलीची नोंद करायला पत्रकात जागा नाही. तिच्यामुळे लाल संघाचा दम गेला, ओरडण्याला धार राहिली नाही, दोनदा खो चुकला. त्यानंतर आलेल्या निळ्या मुलींना त्याचा फायदा झाला, तोही कुणाच्या खात्यात नाही.

असंच अकरा नंबरचं. ती खांबाशेजारच्या चौकटीत बसायची. लाल संघाचे बरेच गडी त्या खांबाच्या आसपास पडले, आणि बहुतेकदा हात सात नंबरचा होता. माझ्या शेजारी एक माजी खेळाडू ताई वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या मारत होत्या. त्या मोजत होत्या शेवटचा खो कुणी दिला ते. १३ पैकी ५ गड्यांच्या आधीचा खो अकरा नंबरचा, आणि त्यांतले ४ सात नंबरने टिपले. अकरा नंबर उठली की धावणारीला गाठायच्या नादाला लागतच नव्हती. ती तिला अशा बाजूला रेटायची की समोर सात नंबर तोंड करून बसलेली असेल, आणि नेमक्या क्षणी खो. सात नंबरला उठायचं आणि हात लांब करायचा, एवढंच उरायचं. एवढंच म्हणतो आहे, पण तो हातही लागतो. सूर अर्धं पाऊल उशिरा मारला तर सगळं वाया. सात नंबर चांगली खेळाडू आहेच. तिचे सहा गडी तिच्या एकटीचे नाहीत, इतकाच मुद्दा.

आणि शेवटचा डाव. निळ्यांनी पाचवा गडी ७ मि. २० सेकंदांना टिपला, दुसऱ्या तुकडीतली अकरा नंबर एकटी उरली. ती बाद झाली असती तर १३-१३, म्हणजे जादा डाव. ती १ मि. ४० से. टिकली. पत्रकात फक्त "नाबाद".

इथे बास्केटबॉलची आठवण होणं साहजिक आहे. त्या खेळात चेंडू बास्केटमध्ये टाकणाऱ्याच्या नावावर गुण लागतात, पण ज्याच्या पासवरून तो गुण झाला त्याच्याही नावावर "असिस्ट" लिहिला जातो. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये दर हंगामाच्या शेवटी प्रत्येक कॉन्फरन्सचा, म्हणजे महाविद्यालयांच्या गटाचा, सर्वोत्कृष्ट खेळाडू निवडतात, आणि त्यावरून वाद घालणं हा तिथल्या लोकांचा आवडता उद्योग आहे: जास्त गुणवाला की जिंकणाऱ्या संघाचा, की ज्याच्याविना संघ कोसळेल तो? वाद मिटत नाहीत, पण वाद घालायला त्यांच्याकडे साहित्य असतं. आणि एक शिस्तही आहे. एसईसी या नावाजलेल्या कॉन्फरन्समध्ये प्रशिक्षक मतदान करतात, पण स्वतःच्या खेळाडूला मत देता येत नाही. निफाडच्या टेबलावर दोन्ही प्रशिक्षक आपापल्या मुलींची वकिली करत होते, आणि ज्यांचा आवाज मोठा त्यांच्याकडे पंच वळत होते. त्यांत वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पोरींना वर्षभर पहाटे उठवून घाम गाळायला लावणारा माणूस त्यांच्याच बाजूने बोलणार.

खो-खोमध्ये वैयक्तिक सन्मानाची परंपरा नाही असंही नाही. राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडूला एकलव्य पुरस्कार आणि महिलेला राणी लक्ष्मीबाई पुरस्कार दिला जातो, आणि या दोन नावांना या खेळात मोठा मान आहे. २०२० मध्ये धाराशिवच्या सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा खो-खोला तो मान दोन दशकांहून जास्त काळानंतर मिळत होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या मराठी कर्णधारांच्या भारतीय संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला ५४-३६ आणि ७८-४० असं हरवलं. तिथले नियम वेगळे होते: एका वेळी सात आक्रमक, गडी बाद केला की दोन गुण, आणि धावणाऱ्यांची तुकडी तीन मिनिटांपलीकडे टिकली की संरक्षण करणाऱ्या संघालाही गुण. आपल्या चार नंबरची तुकडी पाच मिनिटं टिकली होती. दिल्लीच्या नियमांत तिचं पळणं गुणफलकावर दिसलं असतं. निफाडच्या नियमांत ते फक्त पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत राहिलं.

तोवर पाहुण्यांची गाडी फाटकात आली होती. क्रीडा संचालकांनी नेहमीचा तोडगा काढला. संरक्षकाचा चषक चार नंबरला. आक्रमकाचा निळ्यांच्याच एका मुलीला, तिचे ४ गडी होते. अष्टपैलू विजयी संघाला द्यायची पद्धत आहे, म्हणून सात नंबर. "दोन तुमच्याकडे गेले मॅडम, आता काय म्हणणं आहे?" यावर मॅडम हसल्या. काय बोलणार? विजेत्या संघाला करंडक मिळतोच. वैयक्तिक चषकही त्याच घरात ठेवायचा असेल तर तो वैयक्तिक कसला, हा प्रश्न त्या घाईत कुणी विचारला नाही, मीही नाही.

खरी मजा पुढच्या तासात झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात महाविद्यालयं आधी आपापल्या विभागात खेळतात, मग विभागांचे संघ एकमेकांशी, आणि त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. म्हणजे बक्षीस समारंभ उरकला की त्याच टेबलावर निवड समिती बसते. चेहरे बरेचसे तेच. पाहुणे गेलेले, माइक बंद, चषक वाटून झालेले. नाशिक विभागाच्या संघासाठी पहिलं नाव काय लिहिलं? निळी, चार नंबर. कुणी चर्चाही केली नाही. दुसरं सात नंबरचं. आणि चौथं-पाचवं नाव लिहिताना सरपंच म्हणाले, "लालांची ती खांबाजवळची घ्या हो. ती असली की बाकीच्या खेळतात." अकरा नंबर आली यादीत.

म्हणजे कोण किती पाण्यात आहे हे या सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. स्वतःला संघ बांधायचा असतो तेव्हा माणसं डोळ्यांवर विश्वास ठेवतात, आणि चषक द्यायचा असतो तेव्हा रकान्यांवर. चषकाने नोकरी मिळत नाही. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण स्पर्धेचा दर्जा आणि मिळवलेला क्रमांक बघून मिळतं. पण घरच्या भिंतीवरच्या फळीवर चषकच बसतो, आणि मुलीला पुढच्या वर्षीही खेळू द्यायचं की नाही हे त्या फळीकडे बघून ठरवणारी घरं या तालुक्यात कमी नाहीत.

माझा निकाल विचाराल तर अष्टपैलू चार नंबर. हरलेल्या संघाची असली तरी. सात नंबरला आक्रमकाचा चषक द्यायचा, सहा गडी हा त्याचा सरळ हिशेब आहे, आणि अकरा नंबरसाठी चौथा चषक मागवायचा.

आयोजकांना मात्र दोनच गोष्टी सांगायच्या आहेत, आणि दोन्ही फुकट आहेत. एक, चषक ठरवताना दोन्ही प्रशिक्षकांना टेबलापासून दूर बसवा, किंवा निदान आपल्या संघातल्या मुलीचं नाव सुचवू देऊ नका. दुसरं, पुढच्या वर्षी गुणपत्रकात पेनाने आणखी एक उभी रेघ ओढा आणि त्या रकान्यात शेवटचा खो कुणी दिला तो क्रमांक लिहा. गुणलेखक मुलाला जमणार नसेल तर वही घेऊन येणाऱ्या त्या ताईंना टेबलावर खुर्ची द्या. त्या लिहायला तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे.