खाट बदलली की बिल बदलतं

हर्नियाचं ऑपरेशन एकाच शहरातल्या दोन चांगल्या रुग्णालयांत दोन अगदी वेगळ्या किमतींना होतं, हे आता कुणाला नवं नाही. मला त्याहून जास्त छळतो तो पुढचा प्रश्न. एकाच रुग्णालयात, त्याच सर्जनने, त्याच टेबलावर केलेल्या ऑपरेशनच्या चार-पाच किमती कशा होतात? या प्रश्नापायी मी कित्येक वर्षं रुग्णालयांची दरपत्रकं वाचत आलो आहे. कुणाला भेटायला गेलो, तरी नजर आधी बिलिंग काउंटरजवळच्या भिंतीकडे जाते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जागेच्या किमती, यंत्रांचे हप्ते, स्टाफचे पगार, कट प्रॅक्टिस आणि खासगी दरांवर सरसकट नियंत्रण नसणं ही नेहमीची कारणं. केंद्राचा 2010चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे 1949चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. मनात आणलं तर दर बांधता येतात, हे मात्र दोनदा दिसलं. फेब्रुवारी 2017 मध्ये औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर आणली गेली. आधी त्याला लाखाच्या वर मोजावे लागत. आणि कोविडात, मे 2020 मध्ये, राज्य सरकारने वॉर्डला दिवसाला 4,000, आयसीयूला 7,500 आणि व्हेंटिलेटरसह आयसीयूला 9,000 रुपये ठरवून दिले.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. मिरज हे दवाखान्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. वॅनलेस यांनी तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं आणि आजही कर्नाटकातून पेशंट रेल्वेने तिथे येतात. एवढे दवाखाने शेजारी-शेजारी असले की दरांची तुलना लोकांच्या तोंडी असते, म्हणून तिथे हिंडायला मला फार आवडतं. तिथल्याच एका काउंटरवर दरपत्रक मागितलं, तर आतून प्रश्न आला, "कॅश की मेडिक्लेम?" पाठोपाठ दुसरा, "रूम कुठली घेणार?" आजार कोणता, हे तिसऱ्या क्रमांकावर. मला वाटतं, बिल कसं ठरतं ते या क्रमातच सगळं आलं.

कागद हातात आला. उभे रकाने जनरल, ट्विन शेअरिंग, सिंगल, डिलक्स. आडव्या ओळी सर्जनची फी, भूल, ओटी, डॉक्टरांची व्हिजिट. प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे चढत गेलेली. खोलीचं भाडं वाढावं हे समजतं. एसी, सोफा, नातेवाइकाची खाट यांना पैसे पडतात. पण ऑपरेशन थिएटर तर सगळ्यांना एकच!

ओळखीच्या एका सर्जनचं म्हणणं असं, की डिलक्सवाल्याकडून जास्त घेतो म्हणून जनरलवाल्याला कमीत करता येतं. यात तथ्य आहे. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, त्याचा खर्च कुठून तरी निघायला हवा. पण जनरल वॉर्ड भरला म्हणून वरच्या खोलीत गेलेल्या माणसाने वरचा दर का सोसावा? केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी आणि निवृत्तांसाठी असलेल्या सीजीएचएस या आरोग्य योजनेतही खाटेनुसार दर बदलत आले. पण तिथे अनेक वर्षं सेमी-प्रायव्हेटच्या तुलनेत जनरलला 10 टक्के कमी आणि प्रायव्हेटला 15 टक्के जास्त, एवढाच फरक होता. एवढ्यावर भागवता येतं, हे सरकारनेच दाखवलं आहे.

खरा फटका मेडिक्लेमवाल्याला बसतो. समजा, पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा 5,000 आहे आणि घेतली 10,000ची खोली. लोक समजतात, रोजचे वरचे 5,000 भरले की झालं. पण विमा कंपनी सर्जनची फी, ओटी, व्हिजिट यांचेही निम्मेच पैसे देऊ शकते. ही रक्कम 2 लाख असेल, तर त्यातला 1 लाख खिशातून जातो, विमा 10 लाखांचा असला तरी. इथे विमा नियामकाचा 2020चा नियम पाठ करून ठेवावा: औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांवर ही कपात लावता येत नाही. आणि खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयात तर ती मुळीच लावता येत नाही. हा दुसरा भाग फार थोड्यांना माहीत असतो.

माझं मत स्पष्ट आहे. खोलीचे दर हवे तेवढे असोत. उपचाराचा दर एकच हवा. तो दिवस येईपर्यंत हातात एक हत्यार आहे. महाराष्ट्राच्या 2021च्या सुधारित नियमांनुसार रुग्णालयांना ठरावीक सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. भरती होण्याआधी तो फलक वाचा, खोलीनिहाय अंदाजपत्रक लेखी मागा आणि पॉलिसीतली खोलीभाड्याची ओळ आजच, घरात सगळे धडधाकट असताना, उघडून बघा.