डोळ्यांना दिसते, मेंदूला कळायला वेळ लागतो

"मला दिसलंच नाही हो, डॉक्टर!" अपघात होऊन आलेल्या वाहनचालकांच्या तोंडून हे वाक्य मी नेहमी ऐकतो. तपासावे तर पुष्कळांचे डोळे ठणठणीत असतात. मग झाले काय? अनेकदा डोळ्यांना दिसलेले असते. पण 'काय दिसले' हे ठरवायला मेंदूला जेवढा वेळ हवा, तेवढा मिळालेला नसतो. हे ठरवण्याचे काम कसे चालते, ते आज समजून घेऊ.

मेंदूतील तराजू

डोळा म्हणजे कॅमेरा, कळ दाबली की चित्र तयार, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात डोळ्यांकडून मेंदूला मिळणारी माहिती तुकड्या-तुकड्यांनी येते आणि तिच्यात गोंधळही असतो. मोंढ्यातला दोन पारड्यांचा तराजू डोळ्यांसमोर आणा. एका पारड्यात 'समोरचे वाहन थांबलेले आहे' आणि दुसऱ्यात 'ते चालते आहे' याचा पुरावा मेंदू मूठ-मूठ टाकत जातो. एखादे पारडे ठरावीक मर्यादेपर्यंत झुकले की निर्णय होतो. स्वच्छ उजेडात पुरावा मुठीमुठीने येतो. निर्णय डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होतो. अंधुक उजेडात तो चिमूट-चिमूट येतो आणि निर्णय लांबतो.

आपल्या दौलताबाद किल्ल्यातील 'अंधारी' आपण पाहिली असेलच. लख्ख उन्हातून त्या भुयारी वाटेत शिरताच आपली चाल आपोआप मंदावते. एक तर डोळे अंधाराला सरावलेले नसतात. शिवाय पुढे पायरी आहे की नुसती सावली, हे मेंदूला ठरवता येत नाही. म्हणून तो पायांना थांबवतो आणि आणखी पुरावा मागतो.

प्रयोग काय सांगतात?

अमेरिकेतील शास्त्रज्ञ विल्यम न्यूसम आणि मायकेल शॅडलेन यांनी १९९० च्या दशकात माकडांवर याबाबत महत्त्वाचे प्रयोग केले. पडद्यावर सैरावैरा हलणारे ठिपके दाखवायचे. त्यांतले काहीच एका दिशेने सरकत असत. ती दिशा ओळखून माकडाने नजर तिकडे वळवायची. एका दिशेचे ठिपके पुष्कळ असले की माकड ते अचूक ओळखे; थोडे असले की चुका वाढत. पुढील प्रयोगांत माकडाला हवा तेवढा वेळ घेऊ दिला, तेव्हा कठीण चित्राला वेळही जास्त लागला. या काळात मेंदूच्या वरच्या-मागच्या भागातील काही चेतापेशींचे संदेश हळूहळू वाढत जात आणि ठरावीक पातळी गाठली की नजर वळे. माणसांच्या ईईजी तपासणीतही असाच चढता आलेख आढळला आहे. मात्र हे काम मेंदूतला एकच भाग करत नाही, अनेक भाग मिळून करतात, असे नंतरच्या संशोधनावरून दिसते.

पुरावा कमी का पडतो?

मोतीबिंदू, धुके, समोरून येणारा प्रखर प्रकाश यांमुळे पुरावा मुळातच क्षीण होतो. जागरण आणि दारू यांमुळे तो गोळा होण्याचा वेग मंदावतो. घाईत आपण मर्यादाच खाली आणतो. निर्णय लवकर होतो, पण चुकण्याची शक्यता वाढते. वयस्कर माणसे याच्या उलट वागतात. पक्की खात्री झाल्याशिवाय ती निर्णय घेत नाहीत. जालना रोड ओलांडताना आजोबा थबकतात, तेव्हा त्यांची बुद्धी मंदावली असे समजू नका; त्यातला बराचसा भाग सावधपणाचा असतो.

रस्त्यावरचा हिशेब

ताशी ६० किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने जाणारी मोटार सेकंदाला ३३ मीटर कापते. उसाच्या हंगामात तिन्हीसांजेला पैठण किंवा गंगापूरकडच्या रस्त्यावर मागचा दिवा नसलेली ट्रॉली उभी असेल, तर ती थांबलेली आहे हे ठरायला एक सेकंद जादा लागला, एवढेच अंतर जिवावर बेतू शकते. ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर आणखी वेगळे!

हे ध्यानात ठेवा

१. तिन्हीसांजेला, रात्री आणि धुक्यात वेग कमी ठेवा. मेंदूला लागणारा वेळ आपल्याला कमी करता येत नाही. वेग कमी करता येतो.

२. पुढची काच व चष्मा स्वच्छ ठेवा. दिव्यांभोवती वलये दिसत असतील किंवा अंधुक दिसत असेल, तर मोतीबिंदूची तपासणी करून घ्या.

३. झोप अपुरी झाली असेल किंवा मद्य घेतले असेल, तर वाहन चालवू नका.

४. ट्रॅक्टर-ट्रॉली व बैलगाडीच्या मागे रेडियमची पट्टी लावा. पहाटे फिरायला जाताना पांढरे कपडे घाला. आपण जेवढे ठळक दिसू, तेवढा चालकाचा निर्णय लवकर होईल.

५. रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धांना व मुलांना हॉर्न वाजवून घाई करू नका. घाईत त्यांचा अंदाज चुकला, तर पाऊल नेमके वाहनापुढे पडते.