रिपोर्ट तुमचा, पण वाचणारा कोण?

महागाव तालुक्यातील अनेक रुग्ण मोठ्या तपासण्यांसाठी पुसद, यवतमाळ नाहीतर नांदेड गाठतात. रिपोर्ट मात्र आता मोबाइलवर लिंकने येतो. त्यामुळे दुसरी खेप आणि एक दिवसाची मजुरी वाचते. सोय चांगलीच आहे. पण त्या लिंकला कुलूप आहे का, हेही पाहायला हवे.

डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतील एका पॅथॉलॉजी लॅबचे ४० हजारांहून अधिक रिपोर्ट इंटरनेटवर उघडे असल्याचे आढळले. ते पाहायला पासवर्ड लागत नव्हता. त्यांत एचआयव्ही तपासणीचे रिपोर्टही होते, रुग्णांच्या नावांसकट.

असे दोष कसे असतात? समजा, तुमच्या लिंकच्या शेवटी १०४५ हा क्रमांक आहे. तिथे १०४६ टाकल्यावर दुसऱ्याचा रिपोर्ट उघडत असेल, तर मागणारा कोण हे संकेतस्थळ तपासतच नाही. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या 'ओवास्प' संस्थेच्या २०२१ च्या यादीत या गटातील दोष पहिल्या क्रमांकावर आहेत. दुसरा दोष ओटीपीचा. चार अंकी ओटीपीच्या शक्यता फक्त १० हजार. चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा नसेल, तर संगणक त्या झटपट तपासून पाहतो.

हे दोष शोधून कळवणाऱ्यांना काही कंपन्या बक्षीस देतात. त्याला 'बग बाउंटी' म्हणतात. नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये अशी योजना सुरू केली होती. नियम साधा: कंपनीने परवानगी दिली तेवढेच तपासायचे, दोष दिसताच थांबायचे आणि आधी कंपनीला कळवायचे. परवानगीशिवाय केलेली उठाठेव माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कचाट्यात आणू शकते.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो; एचआयव्ही, क्षयरोग किंवा गर्भधारणेची बातमी गावात फुटली तर परत घेता येत नाही. त्या भीतीने माणसे तपासणी टाळतात, औषधे लपूनछपून घेतात किंवा सोडतात. म्हणूनच एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ ने एचआयव्हीविषयीची माहिती जपण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्या संस्थेवर टाकली आहे.

तुमच्यापुरते एवढे करा. लिंक नाव किंवा ओटीपी न विचारता उघडत असेल, तर लॅबला विचारा. रिपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ओटीपी कोणालाही सांगू नका. चुकून दुसऱ्याचा रिपोर्ट दिसलाच, तर तो जपून न ठेवता लॅबला लेखी कळवा. दाद लागली नाही, तर केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या यंत्रणेला कळवता येते.