शोरूममधलं अ‍ॅव्हरेज आणि कल्याण-मुरबाड रस्त्यावरचं अ‍ॅव्हरेज : नव्या टर्बो पिकअपचा खरा हिशेब

कल्याण : दसरा-दिवाळी जवळ आली की मुरबाड, शहापूर, भिवंडी तालुक्यांत नव्या पिकअपच्या चौकशा वाढतात. भेंडी, काकडी, वांगी भरून कल्याणच्या नाहीतर वाशीच्या बाजार समितीत खेप मारायची आणि मधल्या दिवसांत वीट, सिमेंट, मंडपाचं सामान असं मिळेल ते भाडं करायचं, असा बहुतेकांचा बेत असतो. शोरूममध्ये पहिला प्रश्नही ठरलेला असतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" विक्रेता जो आकडा सांगतो त्यावर घरी बसून हप्त्याचा हिशेब होतो. दोन महिन्यांनी कळतं की गाडी तेवढं देत नाही आणि हप्ता मात्र तेवढाच आहे.

गाडी खराब निघाली असं दर वेळी नसतं. सांगितलेला आकडा वेगळ्या परिस्थितीतला असतो, एवढंच.

तो आकडा येतो कुठून?

आपल्याकडे गाड्यांची सरकारमान्य चाचणी पुण्याची एआरएआय ही संस्था करते. १९६६ साली तिची स्थापना झाली. साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांची चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करतात आणि चाकं जागच्या जागी फिरवतात. वेग कधी वाढवायचा, कधी थांबायचं हे सगळं आधीच ठरलेलं असतं. या ठरलेल्या चक्राला इंग्रजी आद्याक्षरांवरून एमआयडीसी म्हणतात. डोंबिवलीच्या एमआयडीसीशी त्याचा काही संबंध नाही.

ही चाचणी सुमारे २० मिनिटांची असते आणि गाडी साडेदहा किलोमीटरच्या आसपास चालते. सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या जवळपास आणि जास्तीत जास्त वेग ९० असतो. हौद्यात दीड टन माल नसतो, एसी बंद असतो, समोर घाट नसतो आणि रांजनोली नाक्यावरची कोंडीही नसते. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा बरा आहे. त्यावरून महिन्याच्या डिझेलचा खर्च मात्र काढता येत नाही.

टर्बो म्हणजे डिझेल वाचवणारं यंत्र नव्हे

"टर्बो आहे म्हणजे अ‍ॅव्हरेज जास्त" हा समज गावोगाव आहे, आणि तो अर्धाच खरा आहे.

इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक लहान पंखा फिरवतो. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरा पंखा असतो. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त मिळाली की डिझेलही जास्त जाळता येतं, आणि लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाएवढी ताकद निघते. टाटा इंट्रा व्ही५० दीड लिटरच्या इंजिनावर दीड टन माल ओढते ती यामुळेच. महिंद्राच्या बोलेरो पिकअपचं इंजिन अडीच लिटरचं आहे, त्यालाही टर्बो आहे.

पायडल हलकं ठेवलं तर लहान इंजिन कमी पितं, हा टर्बोचा फायदा. पण पायडल दाबलं की टर्बो जास्त हवा देतो आणि कॉम्प्युटर तेवढंच जास्त डिझेल सोडतो. तेव्हा लहान इंजिनसुद्धा मोठ्या इंजिनासारखंच पितं. म्हणून एकाच मॉडेलची गाडी एकाला १३ देते आणि दुसऱ्याला १०.

मग किती धरायचं?

अडीच लिटरच्या टर्बो डिझेल पिकअपसाठी, सव्वा ते दीड टन माल धरून, ढोबळ अंदाज असा करता येतो :

- मोकळी गाडी, हायवे, ताशी ५० ते ६० वेग : लिटरला १४ ते १६ किमी
- भरलेली गाडी, सपाट मोकळा रस्ता : ११ ते १३ किमी
- भरलेली गाडी, शहरातली गर्दी : ९ ते ११ किमी
- भरलेली गाडी, घाट चढताना : ६ च्या आसपास किंवा त्याहून कमी

दीड लिटर इंजिनाच्या गाडीला यात एक-दोन किलोमीटर जास्त धरायला हरकत नाही.

इथे हिशेबात एक चूक नेहमी होते. जाताना भरून १० दिलं, येताना मोकळी १५ दिलं, म्हणून सरासरी साडेबारा धरतात. ६० किमी जाताना ६ लिटर आणि ६० किमी येताना ४ लिटर लागलं. एकूण १२० किमीला १० लिटर, म्हणजे सरासरी १२ झाली. अर्ध्या किलोमीटरचा हा फरक वर्षभरात बराच मोठा होतो.

कोंडीत उभी गाडी शून्य अ‍ॅव्हरेज देते

शीळफाटा, पत्रीपूल, दुर्गाडी, माणकोली, खारेगाव, माजिवडा ही नावं या भागातल्या चालकांना पाठ आहेत. कोंडीत इंजिन चालू ठेवून उभी असलेली पिकअप तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर डिझेल पिते, आणि एसी चालू असेल तर त्याहून जास्त. वरच्याच खेपेत दोन तास कोंडीत गेले तर १० लिटरचे सव्वाअकराच्या जवळ होतात आणि १२ चं अ‍ॅव्हरेज पावणेअकरावर येतं. गाडी तीच, चालकही तोच. खेप पहाटे चारला सुटली की आठला, यावर हा फरक पडतो.

घाटाचं गणित दिशेवर असतं

जुन्नर-ओतूरकडचा भाजीपाला माळशेज घाटातून खाली कल्याणकडे येतो. ती गाडी भरलेली उतरते आणि मोकळी चढते. मुरबाडहून माल भरून घाटावर जाणाऱ्याचं उलटं असतं. म्हणून जुन्नरच्या चालकाचं अ‍ॅव्हरेज ऐकून मुरबाडच्या माणसाने आपला हिशेब करू नये. कसारा घाटालाही हेच लागू पडतं.

भरलेली तीन टनांची गाडी ३०० मीटर उंच चढवायला नेहमीच्या डिझेलव्यतिरिक्त सुमारे पाऊण लिटर जादा लागतं. मोकळी गाडी असेल तर याच्या जेमतेम निम्मं.

उतारावर काही जण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. आजच्या गाड्यांत याचा उपयोग होत नाही. गाडी गिअरमध्ये असताना पायडल सोडलं की कॉम्प्युटर डिझेल बंद करतो आणि चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल लागतं. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि उतारावर लागेनासे होतात. चढाला जो गिअर, उताराला तोच गिअर हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे.

खिशावर किती फरक पडतो?

सोयीसाठी डिझेल ९० रुपये लिटर धरू. गाडी रोज १२० किमी चालते आणि महिन्याला २५ दिवस धंदा होतो. १५ च्या अ‍ॅव्हरेजने रोज ८ लिटर, म्हणजे ७२० रुपये लागतात. ११ च्या अ‍ॅव्हरेजने जवळपास ११ लिटर, म्हणजे ९८० रुपये. रोजचा फरक २६० रुपये, महिन्याचा साडेसहा हजार. कर्जाच्या हप्त्यातला मोठा हिस्सा यातच जातो.

म्हणून भाडं ठरवताना कागदावर १२ पेक्षा जास्त धरू नये. १२ ने किलोमीटरला साडेसात रुपये फक्त डिझेलचे होतात. टायर, सर्व्हिसिंग, विमा, चालकाचा पगार आणि हप्ता त्यावर वेगळा. परतीचं भाडं मिळणार नसेल तर दोन्ही बाजूंचे किलोमीटर मोजूनच दर सांगावा.

अ‍ॅव्हरेज मोजायचं कसं?

मीटरवर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबून राहू नये, तो बऱ्याचदा थोडा वाढीव असतो. टाकी पहिल्या ऑटो कटपर्यंत भरावी आणि किलोमीटर लिहून घ्यावेत. तीन-चारशे किलोमीटर चालवून शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरावी. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, हे खरं अ‍ॅव्हरेज. असं तीन वेळा करून सरासरी काढावी.

पंपावर संशय आला तर पाच लिटरच्या मापाने तपासून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतच फरक चालतो.

हातात काय आहे?

- वेग : ६० ऐवजी ८० ने चालवलं तर हवेचा अडथळा पावणेदोन पट होतो. हौद्यावर उंच जाळी आणि फडफडणारी ताडपत्री असेल तर आणखीच.
- गिअर : आरपीएमचा काटा असेल तर साधारण दीड ते अडीच हजारात ठेवावा. हाफ क्लचवर गाडी रेटू नये.
- हवा : टायरची हवा थंड असताना, भाराप्रमाणे, पंधरा दिवसांनी तपासावी.
- भार : जादा माल भरला तर अ‍ॅव्हरेज पडतं, पाटे बसतात आणि दंडही होतो. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे.
- धुराचा फिल्टर : एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर येतो. तो साफ करायला गाडी मधूनमधून स्वतःच जादा डिझेल जाळते. फक्त गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीत तो लवकर भरतो. आठवड्यातून एकदा हायवेवर सलग अर्धा तास चालवलेली बरी.
- टर्बो : घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नये, मिनिटभर इंजिन चालू ठेवावं. ऑइल वेळेवर बदलावं.

नवी गाडी पहिले काही हजार किलोमीटर थोडं कमीच देते, इंजिन मोकळं झालं की सुधारते. पण दुसऱ्या सर्व्हिसिंगनंतरही मोकळ्या रस्त्यावर मोकळी गाडी ११-१२ च्या वर जात नसेल, काळा धूर येत असेल किंवा चढाला ताकद कमी वाटत असेल, तर तीन वेळच्या टाकीची नोंद आणि पंपाच्या पावत्या घेऊन सर्व्हिस सेंटरला जावं. टर्बोचा पाइप सुटणं, एअर फिल्टर तुंबणं, ब्रेक चिकटणं, क्लच घसरणं ही नेहमीची कारणं आहेत. वॉरंटीत असताना तोंडी तक्रार करून भागत नाही. जॉबकार्डवर ती लिहून घ्यायला लावावी आणि त्याची प्रत घरी जपून ठेवावी.