जोडीने आणलेला थॉमस करंडक

भारतीय बॅडमिंटनचा इतिहास हा बराच काळ एकेकट्या माणसांचा इतिहास होता. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूरची स्पर्धा जिंकली आणि परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. प्रकाश पदुकोण १९८० साली आणि पुल्लेला गोपीचंद २००१ साली ऑल इंग्लंड विजेते झाले. पुढे सायना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू यांनी ऑलिंपिक पदके आणली. ही सगळी एकेरीची कमाई. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी २०११ च्या जागतिक स्पर्धेत मिळवलेले ब्राँझ वगळले, तर दुहेरी हे आपल्याकडचे दुर्लक्षित अंगण होते.

थॉमस करंडकात मात्र एका शूरवीराच्या बळावर भागत नाही. पुरुषांची ही जागतिक सांघिक स्पर्धा १९४८-४९ पासून खेळली जाते. प्रत्येक लढतीत पाच सामने असतात, तीन एकेरीचे आणि दोन दुहेरीचे. तीन सामने जिंकणारा देश पुढे जातो. भारत १९५२, १९५५ आणि १९७९ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता, त्यापुढे कधीच नाही. नाटेकर १९५१ ते १९६३ या काळात या स्पर्धेतले सोळापैकी बारा एकेरी सामने जिंकले, तरी करंडक दूरच राहिला. २०२२ पूर्वी इंडोनेशिया, चीन, मलेशिया, जपान आणि डेन्मार्क या पाचच देशांनी तो उचलला होता. त्यात एकट्या इंडोनेशियाची विजेतेपदे चौदा.

मे २०२२ मध्ये बँकॉकला गेलेल्या भारतीय संघात एकेरीसाठी लक्ष्य सेन, किदम्बी श्रीकांत आणि एच. एस. प्रणॉय असे तीन तगडे खेळाडू होते. श्रीकांत आणि लक्ष्य आदल्याच डिसेंबरात जागतिक स्पर्धेतून अनुक्रमे रौप्य आणि ब्राँझ घेऊन आले होते. त्यांच्या जोडीला आंध्रच्या अमलापुरमचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी ही दुहेरीची जोडी होती, आणि तिला डेन्मार्कच्या मथायस बो यांचे मार्गदर्शन होते.

गटात जर्मनी आणि कॅनडा ५-० असे गारद झाले. चिनी तैपेईने मात्र ३-२ असे हरवले. श्रीकांत आणि प्रणॉय जिंकले, पण लक्ष्य चोउ तिएन-चेनकडून हरला आणि दुहेरीचे दोन्ही सामने हातचे गेले. संपूर्ण स्पर्धेत भारत फक्त ही एक लढत हरला.

बाद फेरीत चित्र पालटले. मलेशियाविरुद्ध पहिल्याच सामन्यात ली झी जियाने लक्ष्यला हरवले. सात्त्विक-चिरागने दोन गेममध्ये बरोबरी साधून दिली, श्रीकांतने आघाडी घेतली, दुसरी जोडी हरली आणि निर्णायक सामना प्रणॉयवर येऊन ठेपला. त्याने लिओंग जुन हाओला २१-१३, २१-८ असे सहज हरवले. ४३ वर्षांनंतर भारत उपांत्य फेरीत पोहोचला आणि पदक पक्के झाले.

डेन्मार्कविरुद्धच्या लढतीचा आराखडा जवळजवळ तोच राहिला. व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनने लक्ष्यला २१-१३, २१-१३ असे नमवले. मग सात्त्विक-चिरागने किम अ‍ॅस्ट्रुप आणि मथायस क्रिस्टियनसन यांना २१-१८, २१-२३, २२-२० असे चुरशीत हरवले. तिसरा गेम दोन गुणांनी इकडचा तिकडे झाला असता, तर भारत ०-२ असा मागे पडला असता. श्रीकांतने अँडर्स अँटोन्सेनला तीन गेममध्ये नमवले, दुसरी जोडी पुन्हा हरली आणि पुन्हा प्रणॉय. रासमुस गेम्केविरुद्ध त्याचा पाय घसरून घोटा दुखावला, पहिला गेमही गेला. पुढचे दोन गेम त्याने त्याच पायावर २१-९, २१-१२ असे जिंकले.

१५ मे रोजी अंतिम फेरीत समोर होता गतविजेता इंडोनेशिया. पहिला गेम ८-२१ असा गमावून लक्ष्यने अँथनी गिंटिंगला २१-१७, २१-१६ असे हरवले. बाद फेरीतला त्याचा हा पहिला विजय ऐन मोक्याला आला. दुहेरीत मोहम्मद अहसान आणि केव्हिन संजया सुकामुल्यो एकत्र उतरले. दोघेही नामांकित, पण नेहमीचे जोडीदार नव्हेत. सात्त्विक-चिरागनेही पहिला गेम गमावला आणि दुसऱ्यात चार मॅच पॉइंट वाचवले. १८-२१, २३-२१, २१-१९ असा तो सामना संपला तेव्हा इंडोनेशियाच्या सगळ्या आशा जोनाथन क्रिस्टीवर होत्या. श्रीकांतने त्याला २१-१५, २३-२१ असे नमवून लढत ३-० अशी मिटवली. श्रीकांतने स्पर्धेतले आपले सहाही सामने जिंकले होते. दोन्ही निर्णायक सामने जिंकणाऱ्या प्रणॉयला अंतिम फेरीत उतरावेच लागले नाही.

कौतुक सगळ्यांच्याच वाट्याला आले आणि ते रास्तही होते. पण तिन्ही बाद लढतींचे निकाल एकाखाली एक मांडले की दिसते, की पहिल्या जोडीने एकदाही सामना सोडला नाही. दोन लढतींत तिने पिछाडी भरून काढली आणि अंतिम फेरीत आघाडी दुप्पट केली. त्यानंतर ही जोडी राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धेतही सुवर्णपदके जिंकली.

त्याच निकालांमध्ये दुसरी बाजूही आहे. दुसऱ्या जोडीने मलेशिया आणि डेन्मार्क या दोन्ही लढतींत सामना गमावला होता. २०२४ मध्ये चेंगदूला थॉमस करंडकाच्या उपांत्यपूर्व फेरीत चीनविरुद्ध सात्त्विक-चिराग हरले, दुसरी जोडीही हरली. एकट्या लक्ष्यच्या विजयाने काय होणार? भारत १-३ असा बाहेर पडला.

नाटेकर २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात गेले. थॉमस करंडक भारतात आला तो त्यांच्या पश्चात सुमारे दहा महिन्यांनी. एकेरीतल्या गुणवत्तेचा तोटा आपल्याला त्यांच्या काळातही नव्हता आणि आजही नाही. २०२२ ने भारताला पहिली जोडी दिली. करंडक पुन्हा हवा असेल, तर अकादम्यांनी लहान वयातच मुलांना दुहेरीकडे वळवून दुसरी जोडी घडवायला हवी.